बाकीच्या पाच तारा : एका गिटारप्रेमीच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

प्रकल्प ठरला. ज्या रॉक गिटारवादकांनी मला वर्षानुवर्षं वेड लावलंय, त्यांच्या वादनातले निवडक तुकडे घ्यायचे, वेग निम्म्यावर आणून ऐकायचे, वहीत उतरवायचे, मग वाजवून रेकॉर्ड करायचे. गिटार हातात घेतलेला जवळजवळ प्रत्येकजण एवढं करतोच. माझ्या वहीत एक रकाना जास्तीचा आहे: जी तार वाजतेय ती सोडून बाकीच्या पाच तारा त्या क्षणी काय करताहेत, आणि त्यांना गप्प कोण ठेवतंय?

या प्रश्नाचं मूळ डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे आवाज मुद्दाम फाटू देण्यात आहे. गेन (आत येणाऱ्या आवाजाची वाढ) चढवलेला अँप मोठा आवाज एका मर्यादेपुढे जाऊ देत नाही, त्याचं टोक कापून टाकतो. लहान आवाज मात्र तो भरपूर फुगवतो. त्यामुळे जोरात छेडलेली तार आणि बोट उचलताना नुसती शहारलेली शेजारची तार यांच्यातला फरक जवळजवळ पुसला जातो. स्वच्छ आवाजात कुणाच्या कानावरही येणार नाही अशी घसट इथे स्वराच्या बरोबरीनं ओरडते. म्हणजे या संगीतात नीट वाजवण्याचं निम्मं काम न वाजू देण्याचं आहे. ते उत्तम झालं की ऐकूच येत नाही, म्हणून त्याला दादही मिळत नाही. मला ती दाद द्यायची आहे, आणि त्यासाठी आधी ते काम समजून घ्यायचं आहे.

१२ जानेवारी

तुकडे निवडण्याआधी एक साधी चाचणी केली. गिटार नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये, आवाज स्वच्छ. दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला (मानेवरच्या पाचव्या पडद्याला) ई हा स्वर वाजवला आणि लगेच ती तार बोटानं थांबवली. स्वर चालूच राहिला! पहिली तार मोकळी असताना त्याच उंचीची, त्यामुळे ती आपणहून बोलू लागली. पाचव्या तारेचा तिसरा हार्मोनिक (मूळ कंपनाच्या तिप्पट कंपनाचा स्वर) आणि सहाव्या तारेचा चौथा हार्मोनिकही तिथेच येतो, म्हणून त्याही हलक्याशा गुणगुणत होत्या. एक तार छेडली आणि तीन तारांनी साथ धरली.

सतारीला तरफेच्या तारा याचसाठी लावतात. तिथे ही गुणगुण हवीच असते. जॉन मॅकलॉफ्लिननं सत्तरच्या दशकात ‘शक्ती’ या बँडसाठी जी गिटार बनवून घेतली, तिच्यावर नेहमीच्या सहा तारांखाली ध्वनिछिद्रावरून तिरक्या जाणाऱ्या आणखी सात तारा होत्या, त्या याच गुंजनासाठी. डिस्टॉर्शन लावलेल्या रॉक गिटारवर हीच साथ गढूळपणा होते. तारांचा स्वभावच एकमेकींना प्रतिसाद देण्याचा आहे, आणि वादकाला प्रत्येक क्षणी त्या स्वभावाविरुद्ध हात लावून बसावं लागतं. वहीतला माझा रकाना कशाविषयी आहे, ते आज मला नीट कळलं.

२६ जानेवारी

एडी व्हॅन हेलन आज सत्तर वर्षांचा झाला असता. जन्म १९५५, ॲमस्टरडॅम. पहिला तुकडा त्याचाच घ्यायचा हे ठरलेलंच होतं: त्याच्या ‘व्हॅन हेलन’ बँडच्या १९७८ च्या पहिल्या अल्बममधलं ‘इरप्शन’. सारा मामला १ मिनिट ४२ सेकंदांचा. खरं तर ते अल्बमसाठी ठरलेलंही नव्हतं. एडी स्टुडिओत हात मोकळा करत होता, ते निर्माता टेड टेम्पलमनच्या कानावर पडलं आणि त्यानं ते रेकॉर्ड करायला लावलं.

सगळे टॅपिंगविषयी बोलतात, मीही बोलणार आहे. पण आधी त्याच्या गिटारविषयी, कारण माझ्या रकान्यातली पहिली नोंद तिथेच सापडली. ५० डॉलरची बॉडी, ८० डॉलरचा नेक (गिटारची मान), एका गिब्सन गिटारमधून काढलेला पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारा भाग), आणि आवाजाचं एकच बटण. हा पिकअप त्यानं वितळलेल्या पॅराफिन मेणात बुडवला. पिकअपमधलं तारेचं वेटोळं सैल असेल तर मोठ्या आवाजात ते स्वतःच थरथरतं आणि कानठळ्या बसवणारी किंकाळी निघते. मेण त्या वेटोळ्यात शिरून घट्ट बसतं आणि किंकाळी बंद होते. बोटांचा प्रश्न यायच्या आधी एडीनं गिटारच्या पोटातलाच गोंगाट गप्प केला होता. त्याच्या भन्नाट आवाजाची जी तारीफ होते तिच्यात या मेणाचा वाटा मोठा आहे.

आता टॅपिंग. गिटार अर्धा स्वर खाली उतरवून घेतली. पहिला आकार दुसऱ्या तारेवर: डाव्या हाताची बोटं दुसऱ्या आणि पाचव्या फ्रेटला, उजव्या हाताची तर्जनी नवव्या फ्रेटवर आपटते आणि निघताना तार खेचून सोडते. पिक (तार छेडायची छोटी पट्टी) मधल्या बोटाच्या बेचक्यात लपलेलं. तिन्ही स्वर एकाच तारेवर, पिकचा आघात नाही, आणि तीन स्वरांची न तुटणारी माळ. थोड्या वेळानं टॅप करणारं बोट नवव्यावरून दहाव्या फ्रेटवर सरकतं. एवढाच बदल, डावा हात तिथल्या तिथे. पण मायनर कॉर्ड क्षणात मेजर होते, अंधारलेला भाग एकदम उजळतो. निम्म्या वेगात हे ऐकताना मी तो एकच फ्रेट पुन्हापुन्हा ऐकत बसले. इतक्या कमी हालचालीत इतकं मोठं वळण!

बाकीच्या पाच तारांचं काय? पातळ तार डाव्या तर्जनीच्या आडव्या पोटाखाली, जाड तारा उजव्या तळहाताच्या कडेखाली. उजवा हात पुलापासून (तारा बॉडीवर जिथे टेकतात तिथून) लांब, मानेवर गेलेला असतो, म्हणून तळहाताची कड टेकवायला हाताचा कोन बदलावा लागतो. इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि इथेच सगळ्यात जास्त मजा आली.

२ फेब्रुवारी

‘इरप्शन’ मध्ये एक पिकनं वाजवलेला तुकडा आहे, जो रोडोल्फ क्रॉयट्सरच्या व्हायोलिन अभ्यासातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या पाठातून आला आहे. व्हायोलिन शिकणारे ज्या पाठावर हात घासतात तो इथे फेझर आणि एको या आवाज लहरवणाऱ्या, घुमवणाऱ्या यंत्रांमधून, पेटत्या अँपमधून निघतो. उतरवून झाला. यातला शेजारच्या तारेवर उडी मारण्याचा भाग पिकसाठी फार निसरडा आहे. व्हायोलिनच्या गजाला तो सोपा जातो.

१६ फेब्रुवारी

वेगाविषयी एकदा लिहून ठेवते. ‘नुसता वेग आहे, भाव कुठे आहे?’ हे वाक्य जोरकस गिटारवादकांच्या नशिबी कायमचं आहे. मला ते पटत नाही, आणि या आठवड्यात का पटत नाही ते हातांनी समजलं.

रिची ब्लॅकमोरचा ‘हायवे स्टार’ मधला सोलो घेतला आहे. हे गाणं डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या मॉन्त्रो इथे रेकॉर्ड झालं. ज्या कॅसिनोत रेकॉर्डिंग करायचं होतं तो त्याच महिन्यात एका कार्यक्रमात जळून गेला, म्हणून ब्लॅकमोर आणि त्याचा बँड डीप पर्पल एका बंद हॉटेलच्या मार्गिकांमध्ये तारा पसरून वाजवत होते. ब्लॅकमोरनं हा सोलो आधीच रचून, स्वरन् स्वर बांधून ठेवला होता, आणि त्याखालची कॉर्डची साखळी पाश्चात्य अभिजात संगीतकार बाखच्या वळणाची आहे. लय मिनिटाला १७० ठोक्यांच्या आसपास. एका ठोक्यात चार स्वर. म्हणजे सेकंदाला अकरा स्वर, आणि एका स्वराच्या वाट्याला सेकंदाचा अकरावा हिस्सा.

त्या अकराव्या हिश्श्यात काय काय होतं, ते वहीत क्रमानं लिहिलं: डाव्या हाताचं बोट फ्रेटमागे बसतं, पिक तारेवर आदळून पलीकडे जातं, आधीच्या तारेवरचं बोट दाब सोडतं पण तार सोडत नाही, उजव्या तळहाताची कड एका तारेनं पुढे सरकते. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात नाजूक. दाब सोडायचा, स्पर्श ठेवायचा. बोट पूर्ण उचललं तर मोकळी तार वाजते. दाबून ठेवलं तर दोन स्वर एकमेकांवर चढतात. या दोन्हींच्या मधली जागा कागदाच्या जाडीएवढी आहे, आणि ब्लॅकमोर सेकंदाला अकरा वेळा बरोबर तिथे थांबतो.

ज्याला हे ऐकू येतं त्याला वेगात भावही ऐकू येतो. द्रुत तानेत दाणा सुटा लागला की आपण ‘वाहवा’ म्हणतो, तेव्हा गवयानं भाव सोडला असं कुणी म्हणत नाही. गिटारवरही दाणा सुटा लागणं हेच अवघड आहे, आणि तो सुटा लागण्यासाठी दोन दाण्यांमधली शांतता घडवावी लागते. ‘हायवे स्टार’ चा सोलो ऐकताना मला जो उल्हास वाटतो तो त्या शांततेनं आखलेल्या कडांमुळे आहे.

२३ फेब्रुवारी

‘हायवे स्टार’ १२० वर स्वच्छ. त्यापुढे कड धूसर होते. घाई नाही. वेग वाढवण्याआधी एक व्यायाम लावून घेतला आहे: तोच तुकडा, पण डावा हात नुसता टेकवलेला, एकही स्वर नाही, फक्त पिकचा ‘टक टक’. सगळे ठोके सारखे आणि एकही तार गात नाही, इतकं झालं की मगच स्वर घालायचे.

१९ मार्च

रँडी रोड्स १९८२ मध्ये याच तारखेला विमान अपघातात गेला. पंचवीस वर्षांचा होता. आईच्या संगीत शाळेत गिटार शिकवत मोठा झाला, आणि गायक ऑझी ऑस्बोर्नबरोबर दौऱ्यावर असताना गावोगावी शास्त्रीय गिटारचे शिक्षक शोधून त्यांच्याकडे धडे घेत असे. हजारोंसमोर वाजवणारा माणूस दुसऱ्या दिवशी कुणाच्यातरी पुढ्यात शिष्य म्हणून बसतो, हे मला त्याच्या कुठल्याही सोलोइतकंच प्रिय आहे.

१९८० च्या ‘क्रेझी ट्रेन’ चा सोलो. रोड्स सोलो एकदा वाजवून थांबत नसे. तोच सोलो पुन्हा, आणि पुन्हा, तंतोतंत वाजवून ते थर एकमेकांवर ठेवत असे. हेडफोन लावून नीट ऐकलं की मधला, डावीकडचा आणि उजवीकडचा असे आवाज वेगळे काढता येतात. आज मी एक छोटी ओळ अशीच थरांत वाजवून पाहिली. काय सांगू! स्वर जुळतात, लयही जुळते, पण कंप जुळत नाही. पहिल्या थरात कंप थोडा रुंद, दुसऱ्यात थोडा चिंचोळा, की लगेच दोन माणसं वाजवताहेत असं वाटतं. आणि स्वराचा शेवट तर त्याहून अवघड. तिन्ही थरांत स्वर एकाच क्षणी बंद झाला पाहिजे, नाहीतर शेपूट लोंबतं. रोड्सच्या तिन्ही थरांचे शेवट एकत्र पडतात. म्हणजे स्वर कधी सुरू करायचा याइतकंच तो कधी थांबवायचा हेही त्यानं मनात पक्कं केलेलं होतं.

वहीत आता आणखी एक रकाना आखला: ‘स्वर कुणी थांबवला?’ डावा हात, उजवा हात, की दोन्ही.

६ एप्रिल

‘कम्फर्टेबली नम्ब’, शेवटचा सोलो, पिंक फ्लॉइड बँडचा डेव्हिड गिलमोर, १९७९. इथे वेग नाही. इथे तार खेचण्याची कला आहे.

खेचण्याचं गणित मांडलं. तार एक पूर्ण स्वर वर न्यायची तर कंपनसंख्या साधारण १२ टक्क्यांनी वाढते, आणि त्यासाठी ताण वाढवावा लागतो २६ टक्क्यांनी, कारण ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात चालतो. दीड स्वर वर जायचं तर ४१ टक्के. बोटाच्या टोकावर एवढं ओझं घेऊन नेमक्या उंचीवर थांबायचं आणि वर तिथे कंपही द्यायचा. गिलमोर एका खेचेत टप्प्याटप्प्यानं वर चढतो, प्रत्येक पायरीवर क्षणभर टेकतो. आपल्या कानाला मींड ओळखीची, म्हणून या जागा लगेच भिडतात. पण सतारीवर तार खाली ओढायला रुंद पडदा असतो; इथे मानेची रुंदी चार बोटांचीसुद्धा नाही, आणि खेचलेली तार शेजारणींच्या अंगावर जाते.

तिथेच रकान्याचं काम. तिसरी तार वर खेचली की चौथी आणि पाचवी तार बोटाच्या टोकाखाली अडकतात, ताणल्या जातात, आणि खेच सोडताना सुटून वाजतात. उपाय असा सापडला: खेचणाऱ्या बोटामागची दोन बोटं त्याच तारेला हातभार लावतात, तर्जनीचं टोक मात्र वरच्या तारेला टेकून राहतं आणि तिला नखाशी दाबून धरतं. पलीकडच्या जाड तारांवर उजव्या अंगठ्याची कड. एका स्वरासाठी दोन्ही हातांची बहुतेक बोटं कामाला लागलेली, आणि बाहेर ऐकू येतो तो एकच लांब, निर्मळ आवाज.

हा सोलो एका दमात वाजवलेला नाही. गिलमोरनं तो अनेकदा वाजवला, प्रत्येक खेपेच्या चांगल्या जागा कागदावर खुणावल्या आणि त्यांतून एक सोलो जुळवला. काहींना हे कळल्यावर निराशा होते. माझा आदर वाढला. आपल्याच वादनातून नेमकं काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरवणारा कान बोटांपेक्षा दुर्मिळ असतो.

२० एप्रिल

टोनी आयोमी, ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवादक. १९६५, बर्मिंगहॅम, पत्र्याचा कारखाना, नोकरीचा शेवटचा दिवस, वय सतरा. यंत्राखाली उजव्या हाताच्या मधल्या आणि अनामिका बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हात हाच. कारखान्यातल्या फोरमननं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून दिली. १९२८ च्या आगीत डावा हात भाजल्यावर जँगो प्रामुख्यानं दोन बोटांवर सोलो वाजवत असे. आयोमीनं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांची टोपणं घडवली, त्यांवर चामडं चिकटवलं. बारीक तारांचे संच तेव्हा सहज मिळत नसत, म्हणून बँजोच्या तारा लावल्या. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ मध्ये बऱ्याच गाण्यांसाठी गिटार दीड स्वर खाली उतरवली. त्यानं ताण साधारण तीस टक्क्यांनी घटतो आणि दुखरी बोटं सुखावतात. हेवी मेटल या अख्ख्या संगीतप्रकाराचा जड, खोल आवाज त्यातून पुढे आला.

माझ्या रकान्याच्या नजरेनं पाहिलं तर गोष्ट आणखी थक्क करते. सैल तार जास्त हेलकावते, तिला थांबवणं जास्त कठीण. आणि टोपणाखालच्या बोटांना तार जाणवतच नाही! आपण सगळे तार बंद झाली की नाही हे कातडीनं ओळखतो. आयोमीला त्या दोन बोटांपुरतं ते कानानं ओळखावं लागलं. तरी त्याच्या रिफमधले (पुन्हापुन्हा येणाऱ्या स्वरतुकड्यांमधले) थांबे कापल्यासारखे स्वच्छ असतात.

११ मे

इंग्वे मालम्स्टीन, १९८४ चा ‘रायझिंग फोर्स’. स्वीप पिकिंगचा छोटा तुकडा. त्याच्या गिटारवर फ्रेटमधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं असतं, बोट लाकडाला लागतच नाही. माझी गिटार साधी, म्हणून घर्षणाचा हिशेब वेगळा. स्वीपमध्ये पिक एकाच दिशेनं सगळ्या तारांवरून वाहतं. प्रत्येक बोट आपला स्वर होताच सैल व्हायला हवं, नाहीतर सोलोऐवजी कॉर्ड वाजते. तळहाताची कड पिकच्या मागोमाग तारांवरून चालत जाते आणि वाजून झालेल्या तारा मिटत जाते. ७० वर जमतंय. पुढे चालू.

१ जून

जेनिफर बॅटन. मायकेल जॅक्सनच्या तीन जगदौऱ्यांत तिनं वाजवलं, म्हणजे ‘बीट इट’ मधला एडीचा सोलो रात्रीमागून रात्री मैदानभर लोकांपुढे. (एडीनं तो १९८२ मध्ये एक पैसाही न घेता वाजवला होता.) पुढे ती जेफ बेकच्या बँडमध्येही होती.

दोन्ही हातांनी टॅपिंग करण्यात बॅटन फार पुढे गेली. तिचं ‘फ्लाइट ऑफ द बम्बलबी’ ऐकताना हात किती आहेत असा प्रश्न पडतो. दोन्ही हात मानेवर गेले की पुलाजवळ तारांवर टेकायला कुणी उरत नाही, मोकळ्या तारा रान मोकळं मिळाल्यासारख्या वाजतात. म्हणून तिनं एक डॅम्पर स्वतः घडवला: नटजवळ (मानेच्या टोकाला तारा जिथे टेकतात तिथे) बसवायचा, हवा तेव्हा तारांवर उतरवायचा. आज बरेच जण केसांचा जाड रबर तिथे गुंडाळतात, काम तेच.

ही पळवाट आहे असं म्हणणारे आहेत. मला ते मान्य नाही. तिनं नेमका तो प्रश्न ओळखला ज्याच्याभोवती मी ही वही भरतेय, आणि त्याला अवजारानं उत्तर दिलं. एडीचं मेण आणि बॅटनचा डॅम्पर एकाच जातीचे आहेत.

२४ जून

जेफ बेकचा जन्मदिवस. २०२३ च्या जानेवारीत तो गेला, तेव्हापासून त्याचं वादन लावलं की मी दुसरं काहीच करू शकत नाही.

ऐंशीच्या दशकात त्यानं पिक बाजूला ठेवलं. तार अंगठ्यानं आणि बोटांनी छेडायची, करंगळी आवाजाच्या बटणावर, ट्रेमोलोचा दांडा तळहातात. १९८९ चं ‘व्हेअर वेअर यू’ घेतलंय. बल्गेरियातल्या स्त्रियांच्या समूहगायनाचा त्याच्यावर झालेला परिणाम या रचनेत उतरला आहे. धून बहुतांशी हार्मोनिक्सवर चालते: बाराव्या फ्रेटवर तार नुसती शिवली की सप्तक वर, सातव्यावर त्याहून पंचम वर, पाचव्यावर दोन सप्तकं वर. एवढ्या मोजक्या जागांवर धून बसत नाही. मग बेक हार्मोनिक छेडतो आणि दांड्यानं त्याला हव्या त्या स्वरापर्यंत ओढून नेतो, कणस्वरासकट, बटणानं आवाज मागून हळूच उघडत. आघात ऐकूच येत नाही. स्वर कुठूनतरी उमलत येतो.

हार्मोनिक्समध्ये डावा हात तारा दाबत नाही, म्हणजे सहाही तारा मोकळ्या. दांडा हलला की सगळ्या एकदम ताणल्या-सैलावल्या जातात, जी वाजत असेल ती घसरते. एखादी नको ती तार थोडीशी जरी बोलत असेल तर धुनीखाली विव्हळणारी दुसरी धून ऐकू येईल. बेकचं रेकॉर्डिंग निम्म्या वेगात, पाव वेगात ऐकलं. तसलं काही नाही. पिक सोडल्यामुळे उजव्या हाताची बोटं मोकळी झाली, आणि छेडत नसलेली बोटं तारांवर विसावली. पिक धरलेल्या हातात दोन बोटं त्यातच गुंतलेली असतात. बेकनं ती दोन बोटं शांततेच्या कामाला लावली असं मी माझ्यापुरतं मानते.

पहिली ओळ वाजवून पाहिली. दांडा, बटण, छेडणं, झाकणं, चारही एकाच हातात. हा तुकडा वर्षाअखेरपर्यंत चालेल आणि मी तो आनंदानं चालू देणार आहे.

१३ जुलै

जेसन बेकर. १९८८ च्या ‘परपेच्युअल बर्न’ मधले स्वीपचे झरे अजून कुणी इतक्या सहजतेनं वाजवलेले मी ऐकले नाहीत. १९८९ मध्ये, विसाव्या वर्षी, त्याला एएलएस या स्नायूंवरचा ताबा हळूहळू हिरावणाऱ्या आजाराचं निदान झालं. हळूहळू हात गेले, वाणी गेली. वडिलांनी डोळ्यांच्या हालचालींवरून अक्षरं ओळखण्याची पद्धत तयार केली, आणि तिच्या आधारे तो संगीत रचत राहिला. २०१८ मध्ये त्याचा ‘ट्रायम्फंट हार्ट्स’ आला. आज काही उतरवलं नाही. दोन्ही अल्बम पाठोपाठ ऐकले.

१८ ऑगस्ट

जिमी हेंड्रिक्स मुद्दाम इतका मागे ठेवला होता, कारण तो माझ्या सगळ्या मांडणीला आव्हान देतो.

१९६९ मध्ये आजच्याच तारखेला, सकाळी, वुडस्टॉक संगीत महोत्सवाची बरीचशी गर्दी पांगल्यावर त्यानं अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं. धून सरळ सुरू होते, आणि मग तारा सुटतात: फीडबॅकचा आक्रोश, दांडा खाली ढकलून कोसळणारे स्वर, मध्येच लष्करी अंत्यविधीतल्या बिगुलाची ओळ. इथे गढूळपणा आहे, गोंगाट आहे, सगळं आहे जे बाकीच्यांनी मेणानं, डॅम्परनं, बोटांनी रोखलं. मग माझा रकाना इथे रिकामा?

दोन संध्याकाळी ऐकल्यावर वाटतं, इथेच तो सगळ्यात भरलेला आहे. फीडबॅक म्हणजे स्पीकरचा आवाज परत तारेला ढकलतो आणि ती थांबतच नाही. पण सहा तारांपैकी कुठली तार ही साद घेईल, हे झाकलेल्या तारा ठरवतात. आणि तिचा कुठला हार्मोनिक पुढे येईल, हे स्पीकरपासून किती लांब, कुठल्या कोनात उभं राहायचं त्यावर बदलतं. हेंड्रिक्स पाच तारा झाकून एकीला मोकळी सोडतो, ती पेटते. मग दुसरी. धून परत आणायची वेळ आली की एका क्षणात सगळ्या बंद, आणि पुढचा स्वर अगदी कोरडा, स्वच्छ येतो. तो परतीचा स्वर ऐकला की कळतं, गोंगाट त्याच्या मुठीत होता.

त्याचा अंगठा लांब. मानेवरून पुढे येऊन तो सहाव्या तारेवर बसायचा: कधी ती दाबून खर्ज द्यायला, कधी नुसती झाकायला. उजव्या हाताची गिटार उलटी करून, तारा पुन्हा आपल्या क्रमानं लावून तो वाजवत असे. मी उजव्या हाताची, पण अंगठ्याची ही युक्ती मला जशीच्या तशी घेता आली. सहावी तार आता तळहाताच्या ताब्यातून काढून अंगठ्याकडे दिली आहे. ‘हायवे स्टार’ लगेच पुढे सरकला, कारण उजव्या हाताला एका तारेची चिंता कमी.

७ सप्टेंबर

‘हायवे स्टार’ १५० वर स्वच्छ. अंगठ्याचं श्रेय.

१२ ऑक्टोबर

आजवरची रेकॉर्डिंग्ज वाद्यवृंदाशिवाय, नुसती गिटार, गेन नेहमीपेक्षा चढवून ऐकली. असं ऐकलं की प्रत्येक घसट दिसते. ‘इरप्शन’ चं टॅपिंग: पाचही तारा शांत. गिलमोरच्या दीड स्वराच्या खेचेतून परतताना चौथी तार अजून किंचित श्वास घेते. तर्जनी थोडी आधी टेकवायला हवी. बेक: पहिल्या दोन ओळी आहेत, तिसऱ्या ओळीतला पाचव्या फ्रेटचा हार्मोनिक दांड्यावर नेमका बसायचाय.

पुढचा माणूस स्टीव्ह वाय. पोरवयात संगीतकार फ्रँक झॅपाची अवघड रचना कानानं ऐकून कागदावर उतरवली, झॅपाला पाठवली, आणि त्या जोरावर आधी लेखनिक आणि मग १९८० मध्ये त्याच्या बँडमधला गिटारवादक झाला. ऐकून उतरवण्यापासून सुरू झालेला तो प्रवास, म्हणून या वहीत त्याचं पान हवंच. १९९० च्या ‘पॅशन अँड वॉरफेअर’ मधलं ‘फॉर द लव्ह ऑफ गॉड’ निवडलं आहे. आधी सुरुवातीची संथ धून, जिथे एकाच तारेवर घसरत जाण्याच्या जागा बऱ्याच आहेत. वेगवान भाग नंतर. रकाने आखून झाले, पहिली ओळ पाव वेगात लावून ठेवली आहे.